बाटलीतली सुगंधी रोपं आणि कृत्रिम प्रकाश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुदिना, तुळस, पॅचौली, जिरेनियम, लॅव्हेंडर अशा सुगंधी वनस्पतींची रोपं ऊतीसंवर्धनाने, म्हणजे टिश्यू कल्चरने, करणारे लोक दिव्यांबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यात छोट्या प्रयोगशाळा चालवणारे असतात, एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी असतात आणि अधूनमधून शेतकरीही असतात. त्या प्रश्नांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान. मीडिया (बाटलीत रोपाचा तुकडा ज्यावर वाढतो ते अन्न) कसा करायचा, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) कसा चालवायचा हे इथे मिळणार नाही. इथे फक्त उजेडाचा हिशोब आहे.

मीडियात साखर असतेच. मग बाटलीला दिवा लागतो कशाला?

मुराशिगे आणि स्कूग यांचा १९६२ सालचा मीडिया आजही बहुतेक ठिकाणी चालतो आणि त्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर पडते. रोपाचं पोट मुख्यतः त्या साखरेवर भरतं. झाकण घट्ट असेल तर दिवे लागल्यावर थोड्याच वेळात बाटलीतला कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या बराच खाली जातो. मग वर कितीही दिवे लावा, प्रकाशसंश्लेषण तिथेच अडतं.

तरीही उजेड लागतो, कारण रोप त्याच्यावरून आपल्या बांधणीचे निर्णय घेतं. खोड किती ताणायचं, पान किती पसरायचं, हरितद्रव्य कधी बनवायचं, बाजूचे डोळे फोडायचे की झोपवायचे, हे सगळं फायटोक्रोम, क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रोपिन या प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांकडून ठरतं. पुदिन्याची कांडी अंधारात ठेवून पाहा. ती साखरेवर वाढते, पण पांढुरकी, लांबलचक आणि खवल्याएवढ्या पानांची. पोट भरलेलं असतं, पण वर उजेड आहे हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून ‘दिवा वाढवला की रोप वाढतं’ हा शेतातला हिशोब बाटलीत तसाच लागू होत नाही. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

ट्यूबलाइट ठेवू की एलईडी घेऊ?

नवीन रॅक करत असाल तर एलईडी, यात आता वाद राहिलेला नाही. पण कारण फक्त विजेचं नाही. जुन्या रॅकमध्ये चोक फळीच्या खालच्या बाजूला बसवलेले असतात. त्या चोकच्या बरोबर वर ठेवलेल्या बाटल्या एकदा हातात घेऊन पाहा. बूड कोमट असतं, झाकणाच्या आत पाण्याचे टपोरे थेंब असतात आणि अगरच्या, म्हणजे मीडिया घट्ट करणाऱ्या जेलीच्या, कडेला पाणी सुटलेलं असतं. तळ गरम आणि झाकण थंड असलं की मीडियातलं पाणी वर चढतं आणि झाकणाला धरतं. त्याच फळीवर हातभर लांब ठेवलेल्या बाटल्या स्वच्छ कोरड्या दिसतात. एलईडीत हा त्रास पुष्कळ कमी होतो, फक्त ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) फळीला चिकटवून बसवू नका.

चालू ट्यूबलाइट मात्र केवळ फॅशन म्हणून फेकू नका. गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं जगभरातलं बहुतेक ऊतीसंवर्धन ट्यूबलाइटखालीच झालं आहे आणि रोपांनी तक्रार केलेली नाही. एवढंच पाहा की ट्यूब जुनी होत जाते तसा तिचा उजेड उतरतो. डोळ्याला ते कळत नाही, मीटरला कळतं.

तांबडा-निळा मिळून जांभळा दिसणारा ‘ग्रो लाइट’ लावायलाच हवा का?

नाही.

लांबलचक उत्तर असं. हरितद्रव्य निळा (४३०-४५० नॅनोमीटरच्या आसपास) आणि तांबडा (६४०-६६०च्या आसपास) प्रकाश सर्वांत जास्त शोषतं हे खरं. त्यावरून ‘बाकीचे रंग वाया’ असा निष्कर्ष विकणाऱ्यांनी काढला. हिरवा प्रकाशही पानात शिरतो, खालच्या थरांपर्यंत पोचतो आणि वापरला जातो. शिवाय आजचा पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर फॉस्फरचा, म्हणजे निळ्यातून इतर रंग तयार करणाऱ्या पदार्थाचा, थर. म्हणजे निळा त्यात असतोच आणि तांबडाही बऱ्यापैकी असतो. हा निळा एलईडीच मुळात उशिरा आला. त्याच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा येण्याआधीचे वनस्पतींवरचे एलईडी प्रयोग तांबड्या दिव्यांवरच जास्त झाले ते याच कारणाने.

जांभळ्या उजेडाची रोजची अडचण वेगळीच आहे. त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे ते कळत नाही. मीडियावर जिवाणूंचा दुधट थर येऊ लागला तरी तो दिसत नाही. रोज शेकडो बाटल्या डोळ्यांनी तपासणाऱ्या बायकांचं डोकं दुखतं, ही गोष्ट शोधनिबंधात येत नाही, पण प्रयोगशाळा त्यांच्या नजरेवर चालते. उत्पादनासाठी पांढरा एलईडी घ्या आणि रंगांचे प्रयोग एका वेगळ्या रॅकवर करा.

पांढऱ्यातही निवड असते. ६५०० केल्विनच्या थंड पांढऱ्या दिव्यात निळ्याचा वाटा साधारण पाव भाग असतो, २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो दहाव्या भागाच्या आसपास उतरतो. खोक्यावरचा हा आकडा वाचून निळ्याचं प्रमाण ठरवता येतं. त्यासाठी वेगळा महागडा दिवा लागत नाही.

तांबड्याने काय होतं आणि निळ्याने काय?

नुसत्या तांबड्या उजेडात पुदिना, तुळस, पॅचौली यांचे फुटवे उंच होतात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं, पान पातळ आणि फिकट राहतं. निळा मिसळला की खोड आखडतं, पान जाड आणि गडद होतं, पर्णरंध्रं नीट घडतात. त्यामुळे कांड्या कापून रोपं वाढवायची असतील, तेव्हा थोडी लांबी सोयीची पडते. एका फुटव्याचे तीन तुकडे पडायचे तिथे चार पडतात. हीच रोपं बाहेर काढायची असतील तर मात्र निळ्याचा वाटा जास्त हवा. तांबडा-निळा साधारण ७० : ३० हे प्रमाण खूप ठिकाणी वाचायला मिळतं. सुरुवात करायला ते ठीक आहे, पण त्यात पवित्र असं काही नाही.

तांबड्याच्या पलीकडे ७३० नॅनोमीटरच्या आसपास अतितांबडा असतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी कृषी संशोधन केंद्रात बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या गटाने सॅलडच्या पानांच्या, म्हणजे लेट्यूसच्या, बियांवर हा खेळ दाखवला. तांबडा प्रकाश दिला की बी उगवतं, लगेच अतितांबडा दिला की थांबतं, पुन्हा तांबडा दिला की पुन्हा उगवतं. शेवटचा झोत कोणता, त्यावर सगळं. त्याच पडताळणीतून पुढे फायटोक्रोम हाती लागलं. ट्यूबलाइटमध्ये अतितांबडा जवळजवळ नसतो, म्हणून तिच्याखालची रोपं ठेंगणी राहतात. अतितांबडा जास्त असेल तर रोपाला आपण दुसऱ्यांच्या सावलीत आहोत असं वाटतं आणि ते मान वर काढतं.

उजेड किती हवा? काही जण लक्स सांगतात, काही मायक्रोमोल.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो. रोपासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण मोजावे लागतात. त्याचं माप मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद. पुढे नुसतं मायक्रोमोल म्हणतो.

थंड पांढऱ्या ट्यूबलाइटसाठी लक्सला साधारण ७४ने भागलं की मायक्रोमोल मिळतात. जुन्या पुस्तकांतले ३००० लक्स म्हणजे ४० मायक्रोमोल. हा भागाकार रंगीत एलईडीला लावू नका. नुसत्या ६६० नॅनोमीटरच्या तांबड्याखाली ५० मायक्रोमोल असले तरी लक्समीटर ४००च्या आसपासच आकडा दाखवतो. तो पाहून दिवा कमजोर आहे असं समजून चौपट दिवे लावणारे लोक आहेत.

बहुतेक सुगंधी वनस्पतींना वाढीच्या टप्प्यात ३० ते ५० मायक्रोमोल पुरतात. बाहेर भर दुपारी ऊन २०००च्या घरात जातं, त्यामुळे हा आकडा फारच किरकोळ वाटतो. ५० मायक्रोमोलने १६ तास दिवा लावला तरी दिवसाकाठी चौरस मीटरला २.८८ मोल होतात. उघड्यावर स्वच्छ दिवशी ४०च्या वरही जातात. पण बाटलीतलं रोप साखरेवर आहे, हे विसरू नका.

मोजताना सेन्सर नुसता फळीवर ठेवून भागत नाही. रिकाम्या बाटलीत ठेवून, वर झाकण लावून मोजा. दूधट रंगाचं पॉलिप्रॉपिलिनचं झाकण आणि त्यावरचं दव मिळून उजेडाचा चांगलाच तुकडा खातात. फळीच्या मधोमध आणि कोपऱ्यातही खूप फरक असतो. कोपऱ्यातल्या बाटल्या दर आठवड्याला मधे सरकवण्याची सवय लावली तर रोपं एकसारखी निघतात.

मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजलं तर?

एकाच प्रकारच्या पांढऱ्या दिव्याखाली ‘इथे जास्त, तिथे कमी’ एवढं कळायला चालेल. प्रबंधात तो आकडा छापू नका.

१६ तास उजेड आणि ८ तास अंधार हेच का?

सवय, दुसरं काही नाही. बहुतेक जातींना ते मानवतं आणि सगळ्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहता येतात, म्हणून ते टिकलं. १२ किंवा १४ तासांवरही पॅचौली छान वाढते. २४ तास दिवे चालू ठेवले तर काही वनस्पतींची पानं पिवळी पडू लागतात आणि वीज जाते ती वेगळीच.

दिवे रात्री चालू ठेवून दिवसा बंद ठेवले तर?

खुशाल ठेवा. खोलीला खिडकी नसेल तर रोपाला बाहेर सूर्य आहे की चंद्र, याची खबर नसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे फार सोयीचं पडतं. बाहेर तापमान ४२ असताना आत दिवे आणि एसी दोन्ही एकदम ओढण्यापेक्षा दिव्यांची उष्णता रात्रीच्या गारव्यात काढून टाकणं स्वस्त पडतं. वीज गेली तर तास-दोन तासांच्या अंधाराने काही बिघडत नाही. काळजी करायची ती खोली २५ अंशांवरून किती चढते याची. दिवे चालू असताना बाटलीच्या आत खोलीपेक्षा एक-दोन अंश जास्तच असतात.

दिवस मोठा केला तर बाटलीत फुलं येतील का?

पुदिना मोठ्या दिवसांत फुलतो, त्यामुळे कधीकधी कळी दिसते, पण रोपवाटिकेसाठी ती नकोच असते. बाटलीतल्या फुलण्यात मीडियातल्या संप्रेरकांचा हात उजेडापेक्षा मोठा असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या नाडगौडा, परशरामी आणि मस्करेन्हस यांनी १९९० साली बांबूला बाटलीत फुलं आणली आणि जगभर गाजवली. जो बांबू एरवी फुलायला कित्येक दशकं घेतो, तो काही महिन्यांत फुलला आणि तिथे किल्ली होती मीडियाची.

खरा प्रश्न : प्रकाश बदलला की सुगंध वाढतो का?

वाढू शकतो, पण दिव्याच्या जाहिरातीत म्हणतात तसा सरळ नाही.

आधी सुगंध असतो कुठे ते पाहू. पुदिन्याच्या पानाची खालची बाजू दहापट भिंगातून बघा. हिरव्या जमिनीवर चमकणारे, किंचित पिवळसर, गोल ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. प्रत्येकीच्या डोक्यावर पेशींची एक तबकडी असते आणि तिच्यावर ताणलेल्या पातळ पडद्याखाली तेल साठतं. तुळशीतही अशाच ग्रंथी असतात. पॅचौलीत त्यांच्याशिवाय पानाच्या आतही तेलाच्या ग्रंथी असतात. गवती चहाचं तेल तर पानाच्या आतल्या पेशींतच असतं.

तेल किती निघेल हे तीन गोष्टींवर अवलंबून असतं : ग्रंथी किती बनल्या, त्या किती भरल्या आणि त्यात काय भरलं. प्रकाश तिन्हींवर परिणाम करतो. मोनोटर्पीन, म्हणजे मेंथॉल, लिनालूल यांसारखे हलके घटक, हरितलवकांच्या घराण्यातल्या कोशांगांत सुरू होणाऱ्या मार्गाने बनतात. त्यांचा कच्चा माल प्रकाशसंश्लेषणाशी जोडलेला असतो. मेंथॉलचा पुदिना मंद उजेडात वाढला तर तेलात मेंथोफ्युरान आणि पुलेगोन यांचा वाटा वाढून दर्जा उतरतो. हे शेतात आणि कुंडीत नीट पाहिलेलं आहे.

आता बाटलीकडे या. पेपरमिंटचं पान वयाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तेल भरतं आणि त्यातल्या मेंथोनचं मेंथॉल नंतर सावकाश होत जातं. आपण तर चार आठवड्यांनी सबकल्चर करतो, म्हणजे तुकडे कापून नव्या मीडियात लावतो, आणि बाटलीतली बरीच पानं कोवळी असतात. त्यामुळे बाटलीतल्या रोपाच्या तेलाची घडण शेतातल्या रोपासारखी दिसत नाही, आणि हा वयाचा फरक दिव्याच्या रंगाच्या नावावर खपून जातो.

दुसरी गोष्ट, झाकण उघडल्यावर येणाऱ्या घमघमाटावर विश्वास ठेवू नका. चार आठवडे बंद बाटलीत साठलेला तो वास असतो, त्यावरून पानातल्या तेलाचं प्रमाण कळत नाही. ते मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत, लागते. पाला उकळून तेल काढणाऱ्या क्लेव्हेंजर उपकरणाला पसाभर पाला लागतो, तेवढा गोळा करायला पुष्कळ बाटल्या रिकाम्या कराव्या लागतात.

आणि तिसरी. एका निबंधात निळ्याने तेल वाढलं, दुसऱ्यात तांबड्याने, तिसऱ्यात पांढऱ्याने, असं वाचून विद्यार्थी गोंधळतात. निबंध उघडून एवढंच तपासा : सगळ्या दिव्यांखाली मायक्रोमोल सारखे होते का? पुष्कळदा नसतात. रंग आणि तीव्रता दोन्ही एकदम बदलल्यावर फरक कशामुळे पडला हे कोणीच सांगू शकत नाही. रोझमॅरिनिक आम्लासारख्या फिनॉलिक घटकांवर निळ्या आणि पांढऱ्या उजेडाचा चांगला परिणाम तुळशीच्या कुळात बऱ्याच ठिकाणी दिसला आहे. तेलाबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही.

अतिनील दिवा लावला तर तेल वाढेल असं ऐकलं.

ऐकलंत ते बरोबर आहे, पण ते बाटलीबद्दल नाही. गोड तुळशीत, म्हणजे बेसिलमध्ये, तेलग्रंथी नीट भरायला अतिनील-बी (२८० ते ३१५ नॅनोमीटर) लागतो असं २००२ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसलं. हे किरण साध्या काचेतून जवळजवळ पार होत नाहीत. जॅमच्या बाटलीवर अतिनील दिवा सोडलात तर बाटलीला आणि तुमच्या डोळ्यांनाच तो लागेल, रोपाला नाही. बाटलीतली तुळस बाहेरच्या तुळशीपेक्षा फिकी का लागते, याचं एक कारणही कदाचित हेच.

कॅलस, म्हणजे आकार नसलेला पेशींचा गोळा, वाढवून त्यातून तेल काढता येईल का?

मोनोटर्पीन तेलांसाठी विसरा. कॅलसला ग्रंथीच नसतात. उजेड दिल्यावर कॅलस हिरवा होतो आणि त्यात फिनॉलिक घटक वाढू शकतात, पण तेल साठवायला भांडं नाही. कोंब फुटले की वास येऊ लागतो.

मुळं फुटायला अंधार द्यावा का?

सुरुवातीचे काही दिवस मंद उजेड किंवा अंधार दिला तर पुष्कळ जातींत मुळं लवकर सुटतात. पुदिना आणि पॅचौलीला त्याची गरज पडत नाही, ती उजेडातही भराभर मुळं सोडतात. लॅव्हेंडरसारख्या हट्टी रोपासाठी करून पाहा. बुडाशी अंधार हवा असेल तर मीडियात ०.१ ते ०.२ टक्के कोळशाची भुकटी, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल, हा सोपा उपाय. फक्त ती संप्रेरकंही शोषून घेते.

जिरेनियमचा पहिला तुकडा लावल्यावर कडा काळवंडतात, कारण कापलेल्या जागेतून फिनॉलिक पदार्थ झिरपतात. तिथेही पहिले काही दिवस अंधार उपयोगी पडतो.

तयार मीडिया उजेडात ठेवला तर काही होतं का?

होतं, आणि याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. मीडियातलं आयएए हे ऑक्सिन, म्हणजे मुळं फोडणारं संप्रेरक, उजेडात मोडतं, क्षारांच्या सोबतीने अधिक वेगाने. लोहासाठी घातलेलं लोह-ईडीटीए निळ्या आणि अतिनील प्रकाशात तुटतं आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड तयार होतं, ज्याने मुळं आखडतात. हे १९९१ साली दाखवलं गेलं, आणि निळा उजेड अडवणाऱ्या पिवळ्या गाळणीखाली मीडिया ठेवला की ते टळतं हेही. ओतलेल्या बाटल्या कपाटात ठेवा. दोन आठवडे ट्यूबखाली पडलेल्या मीडियात मुळं फुटली नाहीत, तर रोपाच्या जातीला दोष देऊ नका.

पानं काचेसारखी पारदर्शक, फुगीर दिसतात. दिवा बदलू का?

आधी झाकण बदला. हे बाटलीतल्या कोंडलेल्या दमटपणाचं, जास्त सायटोकायनिनचं (फुटवे आणणाऱ्या संप्रेरकाचं) आणि पातळ अगरचं लक्षण आहे. लॅव्हेंडरला हा त्रास फार. हवा खेळणारं, गाळणी बसवलेलं झाकण लावा, अगर थोडा वाढवा. नुसता दिवा वाढवून तळ आणखी तापवलात तर त्रास वाढेल.

साखर न घालता, फक्त उजेडावर रोपं वाढवता येतात का?

येतात. जपानच्या चिबा विद्यापीठातल्या तोयोकी कोझाई यांनी ही वाट पक्की केली. त्यात साखर काढून टाकायची, झाकणाला हवा द्यायची, कार्बन डायऑक्साइड वाढवायचा आणि उजेड १०० मायक्रोमोलच्या वर न्यायचा. इथे मात्र दिवा खरोखर अन्न होतो. साखर नसल्याने बुरशीचा उपद्रव कमी होतो आणि रोपं दणकट निघतात. पण कार्बन डायऑक्साइडची सोय न करता नुसती साखर काढलीत तर रोपं उपाशी मरतील. छोट्या प्रयोगशाळेने मधला मार्ग घ्यावा : शेवटच्या टप्प्यात साखर निम्मी, झाकण हवेशीर, उजेड ८० ते १००.

आमच्याकडे पुदिन्याची लागवड आहे. टिश्यू कल्चरची रोपं घ्यावीत का?

पुदिना स्वतःच इतके धावते फुटवे सोडतो की त्यासाठी बाटलीचा खर्च बहुधा परवडत नाही. विषाणूमुक्त मातृरोप हवं असेल तर गोष्ट वेगळी. पॅचौली आणि जिरेनियम छाटांवरच वाढतात, त्यामुळे रोग पिढ्यान्‌पिढ्या सोबत येतो. महाराष्ट्रात जिरेनियमची लागवड अलीकडे वाढली आहे, तिथे स्वच्छ रोपांना अर्थ आहे. लॅव्हेंडर हे थंड, कोरड्या हवेचं पीक आहे. भारतात ते जम्मूच्या भदरवाह भागात रुजलं. आपल्या हवामानात ते शेतात टिकवणं हा प्रश्न दिव्यांनी सुटणारा नाही. जातींबद्दल लखनौच्या सीमॅपकडून, म्हणजे केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेकडून, माहिती घ्यावी.

विजेचा अंदाज कसा काढायचा?

३६ वॅटची ट्यूब चोकसकट साधारण ४५ वॅट ओढते. दहा ट्यूब १६ तास म्हणजे दिवसाला ७.२ युनिट. त्याच जागी १८ वॅटच्या दहा एलईडी २.८८ युनिट खातात. दिव्यांत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते आणि ती एसीला बाहेर काढावी लागते. खरी बचत मोजायची तर एसीचा मीटर वेगळा बसवून घ्या.

बाटलीत छान असलेली रोपं बाहेर काढल्यावर मरतात. दिव्याने काही करता येईल?

बाटलीत रोप ५० मायक्रोमोलमध्ये आणि जवळजवळ १०० टक्के दमट हवेत राहिलेलं असतं. पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं मिटायला शिकलेली नसतात. ७५ टक्क्यांच्या शेडनेटखाली ठेवलंत तरी भर दुपारी ५०० मायक्रोमोल पडतात, म्हणजे एकदम दहापट. म्हणून बाहेर काढण्याआधीच्या आठवड्यात त्याच रॅकवर उजेड १००पर्यंत चढवा, निळ्याचा वाटा जास्त असलेला थंड पांढरा दिवा वापरा आणि झाकणं सैल करा. बाहेर काढल्यावर मुळांना लागलेला अगर कोमट पाण्याने पूर्ण धुवा, पहिला आठवडा शेडनेटच्या आत प्लास्टिकच्या बोगद्यात ठेवा आणि बोगदा रोज थोडा थोडा उघडत जा. पॅचौली सावलीची असल्याने तिला ५० टक्क्यांच्या नेटवर न्यायची घाई नको. तुळस आणि जिरेनियमला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचं कोवळं ऊन मिळायलाच हवं. नव्या उजेडात फुटलेली पहिली दोन पानं दिसली की रोप लागलं असं समजा. बाटलीतली जुनी पानं गळली तरी चालतील.